बॅटरीला बटण नसतं: घरचा इन्व्हर्टर सुरक्षित जोडताना

माझ्या हत्यारांच्या पिशवीत १३ नंबरचा एक जुना पाना आहे. त्याच्या दांड्याला मधोमध खाच पडलीय, उंदराने कुरतडल्यासारखी, आणि खाचेच्या कडेला वितळलेल्या पोलादाचा बारीक गोळा चिकटलेला आहे. काम शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मेन स्विच बंद, इन्व्हर्टरचा प्लग काढलेला, इन्व्हर्टरही बंद. सगळं बंद आहे म्हणून निर्धास्तपणे बॅटरीचा नट आवळत होतो. पाना हातातून निसटला आणि प्लसवरून थेट मायनसवर आडवा पडला. पांढरा लख्ख उजेड, फटाक्यासारखा आवाज, आणि पाना दोन्ही टोकांना वेल्डिंग केल्यासारखा चिकटला. उस्तादांनी लाकडी फळी मारून तो उडवला म्हणून थोडक्यात निभावलं. माझ्या डाव्या तळव्यावर त्याची खूण अजून आहे. ‘सगळं तर बंद होतं,’ मी म्हणालो. ते म्हणाले, ‘बॅटरीला बटण नसतं.’

पहिल्यांदा इन्व्हर्टर घेणाऱ्या प्रत्येकाला मी तो पाना दाखवतो. २३० व्होल्टला लोक घाबरतात, घाबरायलाच हवं. पण १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे खेळणं, असा एक समज घट्ट बसला आहे. कोरड्या हाताने टर्मिनलला शिवलात तर शॉक बसत नाही हे खरं. मात्र तिच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा आला, तर काही मिलिओहमच्या अंतर्गत रोधातून हजारभर, प्रसंगी त्याहूनही जास्त अँपिअर वाहतात. लोखंड वितळतं, बोटातली अंगठी लाल होते.

आम्ही कोकणात राहतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथल्या कित्येक गावांनी दिवसच्या दिवस अंधार पाहिला. एरवीही पावसाळ्यात लाईनवर झाड पडलं की रात्र गेलीच म्हणायची. त्यामुळे आता वाडीवाडीत इन्व्हर्टर दिसतात, आणि बरेचसे घाईत जोडलेले असतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. घरगुती, शिसे-आम्लाच्या ट्यूब्युलर बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण बहुतेक घरांत तोच दिसतो. दुकानात त्यालाच होम यूपीएस म्हणतात.

आधी कामाची वाटणी करून घेऊ. जागा ठरवणं, लोडचा हिशोब, बॅटरीच्या बाजूची जोडणी समजून घेणं आणि तपासणं, पाण्याची पातळी पाहणं, हे घरच्या माणसाला जमतं आणि जमलं पाहिजे. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत, हात घालून इन्व्हर्टरची लाईन वेगळी करणं हे परवानाधारक वायरमनचंच काम. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेला, परवाना असलेला माणूस बोलवा. तरीही तो काय करतो आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून तो भागही पुढे नीट सांगितला आहे.

लोडचा हिशोब

कागद घ्या. वीज गेल्यावर खरोखर काय चालायला हवं ते लिहा. उदाहरणार्थ, ७५ वॅटचे ३ पंखे म्हणजे २२५. ९ वॅटचे ५ एलईडी दिवे म्हणजे ४५. टीव्ही ८०. वायफायचा राउटर १०. बेरीज ३६० वॅट.

इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, म्हणून १२ व्होल्टला साधारण ०.८५ ने गुणायचं. ३६० भागिले १०.२ म्हणजे बॅटरीतून सुमारे ३५ अँपिअर जातात. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीतून १५० भागिले ३५ म्हणजे सव्वाचार तास मिळतील असं वाटेल, पण तितके मिळत नाहीत. बॅटरीवरचा १५० हा आकडा २० तासांत हळूहळू वापरली तर, म्हणजे साडेसात अँपिअरने वापरली तर मिळणारा असतो. भराभर उपसली की तिच्यातून कमी निघतं. या लोडवर तीन तास धरा. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतलेत तर एका पंख्याला ३० वॅटच्या आसपास लागतात आणि तीच बॅटरी दीडपटीहून जास्त वेळ पुरायला लागते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलण्याचा विचार करा, असं मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो.

फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री, गीझर यांना इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊ नका. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

बॅटरी कुठे ठेवायची

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की एका ठिणगीने भडका उडू शकतो. हायड्रोजन हवेपेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो आणि बंद कपाटाच्या छताशी, जिन्याखालच्या कोनाड्यात साठून राहतो. सागवानी कपाट करून बॅटरी लपवली की दिवाणखाना छान दिसतो, पण दाराला वर-खाली झरोके नसतील तर त्या कपाटात गॅस कोंडतो. एका घरी बॅटरी देवघराच्या ओट्याखाली ठेवलेली मी पाहिली आहे, वर समई तेवत होती. त्या दिवशी बाकीचं काम बाजूला ठेवून आधी बॅटरी पडवीत नेली.

हवा खेळती असलेली, उन्हाची झळ आणि पावसाची झड न लागणारी, लहान मुलांच्या हाताला न येणारी जागा निवडा. गॅस सिलिंडर, चूल, देवघर यांपासून लांब. झोपायच्या खोलीत नको. १५० एएचची भरलेली ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलोची असते, तेव्हा भिंतीच्या फळीवर ठेवायचा विचारही करू नका. जमीन सपाट हवी, खाली प्लास्टिकचा ट्रे किंवा ट्रॉली हवी. बॅटरीच्या वर टोपणं उघडून पाणी घालता येईल एवढी मोकळी जागा सोडा. आणि बॅटरी इन्व्हर्टरच्या जवळच ठेवा. ‘बॅटरी मागच्या पडवीत आणि इन्व्हर्टर पुढच्या खोलीत’ ही मागणी मी मान्य करत नाही. त्याचं कारण केबलमध्ये आहे.

केबल, थिंबल आणि फ्यूज

२ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर घेतो. ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, इन्व्हर्टरच्या ताकदीचं माप) इन्व्हर्टर ७०० वॅटच्या लोडवर १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ७० अँपिअर ओढतो. म्हणजे घरातली सगळ्यात जास्त करंट वाहणारी वायर ही बॅटरीची असते. तीच लोक घरात पडलेल्या तुकड्यातून जोडतात.

आकडे पाहा. बॅटरी दीड मीटरवर असेल तर जायची-यायची मिळून ३ मीटर केबल लागते. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर ७० अँपिअरला ०.६ व्होल्ट वायरीतच पडतो आणि ४२ वॅट उष्णता तयार होते. अख्खा सोल्डरिंग आयर्न वायरीच्या पोटात तापत ठेवल्यासारखं. तीच केबल १६ चौरस मिलिमीटरची घेतली की उष्णता १६ वॅटवर येते, २५ ची घेतली की १० वर. अंतर तिप्पट केलं की हे सगळे आकडे तिप्पट होतात. बॅटरी जवळ ठेवा म्हणतो ते यासाठी.

म्हणून इन्व्हर्टरसोबत आलेली केबल वाढवू नका. दोन तारा पिळून टेप मारलेला जोड तर अजिबात नको. लांबी कमी पडत असेल तर सलग, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची, एक साईझ जाड केबल नव्याने करून घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या काही केबल वरून तांब्यासारख्या दिसतात, पण आतून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक सोलून ब्लेडने तार खरवडली की आतला चंदेरी रंग दिसतो.

टोकाला थिंबल (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोपण) बसवायचं ते क्रिंपिंगच्या, म्हणजे दाबून चेपायच्या, हत्याराने. हातोडीने चेपलेलं थिंबल पहिल्या दिवशी घट्ट वाटतं, वर्षभरात सैल होतं. सैल जोडाचा रोध १० मिलिओहम जरी झाला, तरी ७० अँपिअरला त्या एका ठिपक्यावर ४९ वॅट तापतात. मी जळलेले इन्व्हर्टर पाहिले त्याहून किती तरी जास्त जळलेली थिंबलं पाहिली आहेत. आधी केबलचं प्लास्टिक पिवळट पडतं, मग कडक होतं, मग एक दिवस वास येतो.

आता फ्यूज. बॅटरीला बटण नाही, मग केबल कुठे दाबली गेली, उंदराने कुरतडली, ट्रॉलीच्या पत्र्याला घासली, तर तिला थांबवणारं काय? इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज इन्व्हर्टरला वाचवतो, बॅटरी ते इन्व्हर्टर या मधल्या केबलला नाही. म्हणून प्लसच्या केबलवर, बॅटरीच्या टर्मिनलपासून शक्य तेवढ्या जवळ, बोल्टने आवळायचा डीसी फ्यूज बसवा. फ्यूज इन्व्हर्टरच्या पूर्ण करंटपेक्षा थोडा जास्त आणि केबल सोसेल त्यापेक्षा कमी असायला हवा. वरच्या ९०० व्हीएच्या उदाहरणात १६ च्या केबलला ८० अँपिअर, २५ च्या केबलला १००. तुमच्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

फ्यूजऐवजी डीबीतला साधा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बॅटरीच्या लाईनवर लावलेला मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. हे चूक आहे. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे एमसीबी उघडताना आत पेटलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच ताणली जाते आणि एमसीबी आतून पेटू शकतो. बटण हवंच असेल तर त्यावर डीसी व्होल्टेज आणि करंट छापलेला ब्रेकर घ्या.

जोडणी

सुरुवात अंगावरच्या धातूपासून. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन, सगळं काढून डब्यात ठेवा. अंगठी निघत नसेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या. पायात रबरी चप्पल किंवा बूट, डोळ्यांना साधा प्लास्टिकचा चष्मा, अंगावर जुने कपडे, कारण आम्लाचा थेंब सुती कापडाला आठवड्याने भोक पाडतो. पान्याच्या तोंडापुरता भाग सोडून सगळ्या दांड्याला इन्सुलेशन टेपचे दोन थर गुंडाळा. शेजारी बादलीभर स्वच्छ पाणी आणि खायचा सोडा ठेवा. डोळ्यात आम्ल गेलं तर लगेच वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचं आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं. सोडा डोळ्यात नाही, तो जमिनीवर सांडलेल्या आम्लासाठी.

बॅटरीवर कोणतंही हत्यार, स्क्रू, मीटर, मोबाईल, काहीही टेकवून ठेवू नका. जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती नको.

१. मेन बंद. इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद. प्लग काढलेला.

२. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. नव्या चार्ज बॅटरीवर १२.५ ते १२.८ दिसायला हवं. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर तुम्ही टोकं उलटी समजता आहात, थांबा. १२.२ च्या खाली दिसलं तर दुकानदाराला बॅटरी आधी चार्ज करून द्यायला सांगा.

३. बॅटरीवर छापलेले ‘+’ आणि ‘−’ डोळ्यांनी पाहा, हातानेही चाचपा. केवळ केबलच्या रंगावर विसंबू नका. लाल-काळी अदलाबदल झाली तर फ्यूज उडतो, किंवा फ्यूज उडायच्या आत इन्व्हर्टरच्या आतले मॉस्फेट (ट्रान्झिस्टर) उडतात.

४. केबलची इन्व्हर्टरकडची टोकं आधी पक्की करा. बॅटरीकडची नंतर. उलट क्रमाने गेलात तर बॅटरीला जोडलेल्या केबलची दोन उघडी टोकं जमिनीवर लोळत राहतात.

५. फ्यूज होल्डरमध्ये आवळून घ्या. मग बॅटरीचा प्लस जोडा, नट घट्ट करा, लगेच त्यावर रबरी टोपी चढवा. या टोपीला कंटाळू नका. प्लस झाकला गेला की पाना निसटला तरी माझ्यासारखी खाच पडत नाही.

६. शेवटी मायनस. थिंबल टेकताना एक बारीक ठिणगी पडू शकते, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात त्याची. म्हणूनच हे काम बॅटरी चार्ज होत असताना किंवा नुकतीच झालेली असताना करायचं नाही. ठिणगी बारीक नसून तडतडत राहिली तर लगेच काढा, जोडणीत चूक आहे.

७. दोन्ही टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, नट आवळून झाल्यावर वरून. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हे केलं नाही तर दोन पावसाळ्यांत टर्मिनलवर हिरवट-पांढरं फूल येतं.

काढताना क्रम उलटा: आधी मायनस, मग प्लस.

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या मालिकेत लागतात. पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला छोट्या केबलने जोडायचा. मग पहिलीचा प्लस आणि दुसरीचा मायनस ही दोन टोकं मोकळी राहतात, ती इन्व्हर्टरला. इन्व्हर्टर जोडण्याआधी या मोकळ्या टोकांवर मीटर धरा. साधारण २५ व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्याच्या आसपास दिसलं तर एक बॅटरी उलटी लागली आहे. मोकळ्या टोकांनाच चुकून दुसरी जोडकेबल लावलीत तर तो सरळ दोन बॅटऱ्यांचा शॉर्ट होतो, तेव्हा जोडकेबल एकच, हे मनात पक्कं ठेवा. आणि दोन्ही बॅटऱ्या एकाच मेकच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुनीसोबत नवी जुंपली की जुनी लवकर भरून उकळायला लागते आणि नवी अर्धपोटी राहते.

इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं. ट्यूब्युलर असेल तर ट्यूब्युलरवर, बंद प्रकारची असेल तर तिच्या खुणेवर. जुन्या इन्व्हर्टरला लिथियमची निवडच नसेल तर लिथियम बॅटरी त्याला लावू नका.

घरातली लाईन

आता वायरमनचं काम. इन्व्हर्टर ज्या सॉकेटमध्ये जाणार ते आधी तपासून घ्या. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. टेस्टर उजवीकडे पेटला पाहिजे, डावीकडे नाही. मीटरने फेज ते अर्थिंग २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थिंग शून्य ते दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. कित्येक जुन्या घरांत अर्थिंगच्या भोकाला मागे वायरच नसते. इन्व्हर्टरचं खोकं पत्र्याचं असतं, आत बिघाड झाला तर ते खोकं जिवंत होतं. अर्थिंग नसेल तर आधी अर्थिंग, मग इन्व्हर्टर.

सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर आणखी गोंधळ होतो. बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाईनचं न्यूट्रल बाकीच्या घराशी सामाईक असतं आणि मेन चालू असताना इन्व्हर्टर मेनची वीज तशीच पुढे सोडतो. उलट्या सॉकेटमुळे इन्व्हर्टरच्या फेजच्या वायरीतून न्यूट्रल बाहेर येतं आणि न्यूट्रलच्या वायरीतून फेज. ते फेज सामाईक न्यूट्रलला भिडलं की शॉर्ट.

मूळ काम असं: पंखे-दिव्यांच्या ज्या पॉइंटना इन्व्हर्टर हवा आहे, त्यांचा फेज जुन्या एमसीबीतून पूर्णपणे सोडवायचा आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटवर वेगळ्या ६ अँपिअरच्या एमसीबीतून द्यायचा. ‘पूर्णपणे’ हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या स्विचबोर्डमध्ये मेनचा फेज आणि इन्व्हर्टरचा फेज एका स्क्रूखाली आले, तर वीज परत येते त्या क्षणी दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि इन्व्हर्टर जळतो.

त्याहून वाईट म्हणजे वीज गेलेली असताना तुमच्या बॅटरीची वीज मीटरकडे, तिथून खांबाकडे जाऊ शकते. खांबावर त्या वेळी महावितरणचा जनमित्र चढलेला असतो, लाईन बंद आहे असं समजून. आपल्या पलीकडे असलेला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट उतरवून आपल्याला वीज देतो, उलट दिशेने गेलेली वीज तोच वर चढवतो. म्हणून दोन्ही बाजूंना पिनांचा प्लग लावलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये ढकलणं हा प्रकार कुणीही, एका रात्रीपुरतासुद्धा, करू नये. ‘आत्तापुरतं’ म्हणून केलेली अशी वायर एका घरी मी मागून घेतली आणि तिथेच कापली. घरच्या आजींना आधी राग आला, कारण सांगितल्यावर त्यांनीच उरलेला तुकडा काढून दिला.

न्यूट्रलबद्दल वायरमनला एक प्रश्न जरूर विचारा: आरसीसीबी (वीज गळली की पडणारा सुरक्षेचा स्विच) असेल तर इन्व्हर्टरच्या लाईनचं फेज आणि न्यूट्रल त्याच्या एकाच बाजूने जातात ना? फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून गेलं तर आरसीसीबी सारखा पडत राहतो, आणि कंटाळून लोक तो काढूनच टाकतात. तो काढू नका, वायरिंग सुधारा. बॅटरीवर चालताना मेनचा आरसीसीबी राखण करील असंही गृहीत धरू नका. नवं घर बांधत असाल तर इन्व्हर्टरसाठी सुरुवातीपासून वेगळं न्यूट्रल ओढून घ्या. त्या वेळी खर्च वायरीपुरताच, नंतर भिंती फोडाव्या लागतात.

काम संपलं की डीबीच्या दारावर आतून जाड मार्करने एक पाटी लावा: ‘या घरात इन्व्हर्टर आहे. मेन बंद केल्यावरही दिवे-पंख्यांच्या लाईनला वीज असते.’ उद्या पंखा दुरुस्त करायला दुसरा कोणी येईल, मेन पाडेल, आणि निर्धास्तपणे तारेला हात लावेल. पाटीखाली बंद करायचा क्रमही लिहा: मेन बंद, इन्व्हर्टरचा स्विच बंद, प्लग काढा, इन्व्हर्टरचा एमसीबी पाडा, मग टेस्टर लावून खात्री. काढलेल्या प्लगच्या पिनांना बोट लावू नका, काही जुन्या इन्व्हर्टरमध्ये तिथे वीज उरलेली असते.

पहिली चाचणी

प्लग लावा, मेन चालू, इन्व्हर्टर चालू. पहिल्या दिवशी १० ते १२ तास नुसतं चार्ज होऊ द्या. दुसऱ्या दिवशी उजेडात मेन पाडा आणि घरभर फिरा. हवे ते पॉइंट चालतात का, यापेक्षा नको ते पॉइंट बंद आहेत का हे आधी पाहा: फ्रिज, मोटर, गीझर, स्वयंपाकघरातली सॉकेटं. यातलं एखादं चालू दिसलं तर लाईन कुठेतरी मिसळली आहे, वायरमनला जाऊ देऊ नका. मग सगळे पंखे-दिवे लावून अर्धा तास बॅटरीवर चालवा आणि केबलच्या प्लास्टिकवर, थिंबलच्या जवळ, हाताची मागची बाजू टेकवा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तो जोड परत करायचा.

कॉम्प्युटर लावणार असाल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, बदल लवकर होतो. गावाकडे व्होल्टेज खूप वरखाली होत असेल तर या मोडमध्ये तो सारखा बॅटरीवर जातो, तिथे साधा मोड बरा.

नंतरची राखण

दोन-तीन महिन्यांनी पाण्याची खूण पाहा. फ्लोट (टोपणातला पातळी दाखवणारा तरंगता दांडा) लाल खुणेला गेला की डिस्टिल्ड वॉटर घाला, वरच्या खुणेपर्यंतच, काठोकाठ नाही. विहिरीचं, नळाचं, फिल्टरचं, पावसाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार प्लेटा खातात. आम्ल कधीच ओतायचं नाही. बॅटरीतलं पाणी उडतं, आम्ल उडत नाही. पाणी घालताना इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला, आणि अंधार असेल तर टॉर्च. काडी पेटवून आत डोकावणाऱ्यांच्या तोंडावर बॅटरी फुटल्याचे प्रकार झालेले आहेत.

टर्मिनलवर फूल दिसलं तर मायनस काढून, सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा. टोपणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर सेल खराब होतो. बॅटरी फुगली, कूस गरम लागली, किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग ताबडतोब थांबवा, खिडक्या उघडा, बाहेर या. त्या खोलीत नवं कुठलंही बटण दाबू नका, इन्व्हर्टरची वीज मेनवरूनच तोडा. आग लागली तर पाणी नको, कोरड्या पावडरचा अग्निशामक वापरा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे कित्येक इन्व्हर्टर बुडाले. चिखल उपसून झाल्यावर पुष्कळांनी ते धुऊन, उन्हात वाळवून चालू करून पाहिले. असं करू नका. पूररेषेतल्या घरात इन्व्हर्टर आणि बॅटरी पहिल्यापासून माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. पाणी चढताना दिसलं तर मेन पाडा, आणि जमीन कोरडी असेल तरच प्लग आणि मायनस काढा. पाणी पायाला लागलं असेल तर इन्व्हर्टरकडे जायचं नाही.

चार-सहा वर्षांनी बॅटरी थकेल. ती भंगारवाल्याला न देता नवी घेता त्या दुकानातच द्या, २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांचा परतावा उत्पादकांवर बंधनकारक आहे आणि आतलं शिसं विहिरीत उतरता कामा नये. आणि रिक्षात चढवण्याआधी दोन्ही टर्मिनलवर टेपचे चार वेढे मारा. पंखा फिरवायला जिच्यात दम उरलेला नाही अशा बॅटरीवरसुद्धा मी मीटरने ११ व्होल्ट मोजले आहेत.